धुळाची काठी आणि महाराजांची पाठ

माणदेशातल्या हिवरघाट गावाबाहेर, ओढ्याच्या काठी, श्री मौजनाथ महाराजांची गवताची खोपी होती. महाराज तिथे कधी आले, कुठून आले, हे कुणालाच ठाऊक नव्हते. खोपीत एक धुनी, एक घोंगडी आणि स्वयंपाकपाणी पाहणारी वृद्ध साऊबाई, एवढाच काय तो त्यांचा संसार!

गावात धुळा नावाचा एक धनगर होता. माणूस मनाचा निर्मळ, पण रागाचा भडका मोठा. एकदा चुकार मेंढ्यावर त्याने अशी काठी घातली की त्या मुक्या जिवाचा पायच मोडला. राग उतरला तेव्हा धुळाला स्वतःचीच भीती वाटली. तो महाराजांकडे आला आणि ढसाढसा रडू लागला.

"म्हाराज, हात आवरंना मला."

महाराज म्हणाले, "आजपासून कुठल्याही जिवावर हात उचलू नकोस. एवढं एकच व्रत पाळ."

"आन् कळपात लांडगा शिरला तर?"

"शिरला की पाहू!" महाराज हसले.

त्यानंतर दीड वर्ष धुळाने कशावरही हात उचलला नाही. काठी हाती असे ती टेकायला आणि पाला पाडायला. लांडग्याने दोन कोकरे नेली, तेव्हाही तो नुसता आरडाओरडा करत मागे धावला.

गावाला हसायला विषयच मिळाला. सर्वांत जास्त हसत ते दाजीशास्त्री. पोथ्या त्यांना मुखोद्गत होत्या, आणि त्याचा ताठाही तेवढाच. पारावर बसून ते म्हणत, "अहो, धनगराची कसली अहिंसा? व्रत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जीव गेला तरी मोडायचं नाही. याचं व्रत पहिल्या संकटालाच पळून जाईल, लिहून ठेवा!"

धुळा ऐके आणि मान खाली घालून पुढे जाई. पण मनात धाकधूक होतीच. शास्त्रीबुवा म्हणतात तसे खरेच झाले तर?

त्या वर्षी पाऊस फिरकला नाही आणि डोंगरातली जनावरे भुकेने खाली उतरू लागली. एके सकाळी दाजीशास्त्री आपल्या चार वर्षांच्या नातीला, गोदूला, घेऊन ओढ्यावर स्नानाला आले. ते पाण्यात उतरले आणि पोर फुले वेचत काठाकाठाने दूर गेली. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून लांडगा निघाला आणि त्याने गोदूचा दंड धरला!

धुळाची मेंढरे जवळच चरत होती. तो धावला. ओरडला, घोंगडी फडकावली, पण लांडगा पोरीला सोडीना. तिला ओढत तो जाळीकडे निघाला. धुळाची मूठ काठीवर आवळली आणि तिथेच थिजली. समोर ते लेकरू, आणि डोळ्यांपुढे महाराजांचे पाय.

"धुळा, मार! मार त्याला!" पाण्यातून शास्त्रीबुवा किंचाळले.

"म्हाराज, क्षमा करा!" म्हणत धुळाने सारे बळ एकवटून लांडग्याच्या पाठीत काठी घातली. बैलाची पाठ मोडावी असा तो घाव! लांडग्याने पोरीला सोडले, क्षणभर धुळाकडे पाहिले आणि तो पळत सुटला. ना लंगडला, ना केकाटला.

गोदूच्या दंडावर नुसते दातांचे वळ होते. धुळाने तिला पाण्याबाहेर आलेल्या आजोबांच्या कुशीत दिले, काठी तिथेच टाकली आणि डोळे पुसत तो खोपीकडे धावला.

हाकाटी ऐकून माणसे जमली. शास्त्रीबुवांचे धोतर अजून ओलेच होते, पण जीभ सवयीने चाललीच. "पोर वाचली, देवाची कृपा! पण व्रत मोडलंच ना त्यानं?" मग अंगारा लावायला म्हणून ते नातीला घेऊन खोपीकडे निघाले, आणि माणसेही मागोमाग निघाली.

खोपीत महाराज पालथे पडले होते. साऊबाई त्यांच्या पाठीला हळदीचा लेप लावत होती. खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा वळ उठला होता.

"आत्ताच बसल्या बसल्या 'आई गं' म्हणून वाकले रे," साऊबाई रडत म्हणाली. "जवळपास कुणी नव्हतं. मारलं तरी कुणी?"

धुळाला उमगले. त्याने जमिनीवर अंग टाकले. "म्या मारलं! म्या तुमचं व्रत मोडलं, म्हाराज!"

"मोडलंस, आणि मोडायलाच हवं होतं," महाराज म्हणाले. "लेकरू लांडग्याच्या तोंडात असताना हात बांधून उभा राहिला असतास, तर तुला दारात घेतलं नसतं मी."

"मग ह्यो वळ?"

"व्रत मोडणं भाग होतं, म्हणून घाव काही फुलाचा होत नाही, बाळा. तो कुणाला तरी लागतोच. लांडगाही भुकेलाच होता. तू रागानं मारलं नाहीस, रडत मारलंस. तेवढा घाव मी घेतला. तुझं व्रत उद्यापासून पुन्हा चालू."

दीड वर्ष छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून न्यावा, तसे धुळाला झाले. तो रडता रडता हसला.

दारात दाजीशास्त्री गोदूला घेऊन उभे होते. महाराजांनी मान वळवली.

"या शास्त्री. ओढ्यात उभं राहून 'मार' म्हणून ओरडलं ते कोण हो?"

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. महाराज तर खोपीतून हललेही नव्हते! त्यांनी गोदूला खाली ठेवले आणि महाराजांच्या पायांवर डोके टेकले.

"महाराज, पोथीत रेघ वाचली होती. रेघेवर लेकरू आज पाहिलं. पोर हाती आल्यावरसुद्धा मी यालाच बोल लावला."

"मग माझ्या पायांशी काय काम?" महाराज हळूच म्हणाले.

शास्त्रीबुवा उठले आणि सर्वांदेखत धुळापुढे वाकले. धुळा बिचारा "अवं शास्त्रीबुवा, असं नगा करू!" म्हणत मागे सरकत राहिला, पार कुडाला टेकेपर्यंत. पण शास्त्रीबुवांनी त्याचे पाय धरलेच!