सशिणीच्या पाठीवरची कुसळं

बालमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक सशीण राहत असे. मोठी घाईची बाई! बस म्हटलं तर उभी, थांब म्हटलं तर पळाली. त्यात आता तिच्या बिळात तीन इवलीशी पिल्लं होती. कोल्ह्याच्या भीतीनं तिनं ही गोड बातमी कुणालाच सांगितली नव्हती.

उंबराखाली माकडाचं फळा-मुळांचं दुकान होतं. तिथली रीत अशी, की जो जे घेई, त्याच्या वासात घोळलेलं एक कुसळ माकड त्याच्या अंगाला चिकटवी. पुढच्या खेपेला नुसतं हुंगलं की झालं! "ये ताई. बोरं ना? आंबटगोड, बिनकिडकी?" सशिणीला याचं भारी कौतुक वाटे. मात्र कुसळ लावण्याआधी माकड एक लांबलचक चऱ्हाट लावायचं, आणि ही मधेच म्हणायची, "हो रे बाबा, हो! लाव एकदाचं, उशीर होतोय मला." ते काय म्हणतंय, हे तिनं एकदाही पुरतं ऐकलं नाही. एके दिवशी तिनं शतावरी घेतली, बाळंतिणीला दूध यावं म्हणून खातात ती. तिचंही कुसळ पाठीवर बसलं.

परतताना वाटेत कोल्हा उभा! पुढ्यात सावरीच्या कापसाचा ढीग. "ताई, पिल्लांच्या अंथरुणाला मऊ कापूस हवा ना? घरपोच देतो. बीळ कुठंसं आहे तुमचं?"

सशीण दोन पावलं मागं सरली. "पिल्लांचं तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पाठीनं! शतावरीचा वास येतोय की. मी माकडाला फळं आणून देतो, त्या बदल्यात ते मला सगळी कुसळं हुंगू देतं. तुम्हीच नाही का त्याला 'हो' म्हणालात?"

अगं बाई! त्या चऱ्हाटात हेही होतं तर! आता घरी जावं, तर हा वासावर मागोमाग येणार. "पल्याडच्या टेकडीवर ये संध्याकाळी," अशी थाप मारून ती उलट्या दिशेला उधळली, ओढ्यात शिरली आणि दातांनी एकेक कुसळ उपटून पाण्यात सोडलं. ओलीचिंब ती बिळात पोचली. तिन्ही पिल्लं एकमेकांना बिलगून झोपली होती. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. कोल्हा मात्र टेकडीवर माश्या मारत बसला!

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात ठिय्याच दिला. "हं, म्हण आता सगळं. सावकाश." चऱ्हाट संपल्यावर ती म्हणाली, "बोरांचं एक कुसळ लाव. बोरं खाते हे जगाला कळलं तरी चालेल. बाकी एकही नको."

"मग तुला आणखी काय हवंय, ते मला कसं कळणार?" माकड कुरकुरलं.

"विचार की! तोंड कशाला दिलंय?"

मागची हरणं, साळिंदरं खो खो हसली. मग तीही बसून सगळं ऐकून घेऊ लागली. रांग पार ओढ्यापर्यंत गेली, तेव्हा माकडानं आपणहून ते चऱ्हाट दोन वाक्यांवर आणलं, "ही खूण फक्त माझ्यासाठी. लावू की नको?"

तात्पर्य : संकेतस्थळंही आपल्या आवडीनिवडीची अशीच कुसळं आपल्याला चिकटवतात, त्यांना कुकीज म्हणतात. ती कुणाकुणाला हुंगायला मिळणार, हे वाचल्याशिवाय घाईघाईनं 'हो' म्हणू नये.