न जाळलेला भाला

"एकही लढाई हरलो नाही, बुवा. मग माझी फौज गेली कुठं?"

सरदार सुभानराव मठाच्या ओट्यावर ताठ बसले होते. चैत्राचं ऊन चढलं होतं. मागल्या मार्गशीर्षात तीस हजार माणसं घेऊन ते उत्तरेच्या डोंगरांत शिरले होते. त्या फौजेपुढं तेव्हा कोणी उभं राहत नसे. परतली ती नऊ हजार.

निरंजनबुवांनी विचारलं, "किल्ला मिळाला?"

"मिळाला. शत्रू आधीच निघून गेला होता. आत नुसतं बर्फ."

"मग?"

"मग घाट बंद झाला. दोन महिने अडकलो. आधी घोडी मेली, मग माणसं. तलवार उपसायची वेळच आली नाही... परवापर्यंत वाकून बोलणारे राजे आता आमच्या निरोपाला उत्तर देत नाहीत."

बुवांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"लोक शेकोटीत भाल्यांचे दांडे घालायला लागले. मी हुकूम काढला, भाला जाळेल त्याचा हात तोडीन. हत्यारच उरलं नाही तर फौज कसली?"

"ऐकलं त्यांनी?"

"सगळ्यांनी नाही." सुभानराव थांबले. "येमाजी म्हणून पहारेकरी होता. त्यानं ऐकलं."

"त्याचं काय झालं?"

"एका सकाळी माझ्या दाराशी बसलेला सापडला. गोठून गेला होता. भाला मांडीवर, शाबूत. त्याच्या बोटांतून तो सोडवायला दोघं लागले."



मग सुभानरावांनी घसा साफ केला. "येत्या थंडीत पुन्हा जायचंय. या खेपेला वाट नवी शोधलीय. घोंगड्याही भरपूर घेऊ. तुमचा आशीर्वाद हवा."

बुवा उठले. खुंटीवरची घोंगडी काढली आणि सरदारांच्या खांद्यांवर टाकली.

"बुवा, ऊन आहे..."

बुवा पुन्हा समोर येऊन बसले.

सुभानरावांनी ती काढली नाही. थोड्या वेळानं तिची दोन्ही टोकं त्यांनी छातीशी घट्ट ओढून धरली.

"येमाजी कुठल्या गावचा?" बुवांनी हलकेच विचारलं.

किल्ल्यापर्यंतचे सगळे मुक्काम सुभानरावांना तोंडपाठ होते. ते खाली पाहत राहिले.

"...ठाऊक नाही."

"मग आधी त्याच्या गावची वाट शोधा."