राजवाड्याचं पांढरं फडकं

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. माझ्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. पणजोबा तेव्हा जन्मले नव्हते, तो भाग वेगळा.

फार जुना काळ. डोंगरातल्या एका राज्यात जंगल विरळ झालं, हवा धुरकटली, उन्हाळे लांबले. राजाने दवंडी पिटवली, की प्रत्येकाने चुलीवर पांढरं फडकं टांगावं आणि महिन्याने दरबारात आणावं. ज्याचं फडकं सगळ्यांत काळं, त्याने राज्य सोडावं.

महिना सरला. राजवाड्याचं फडकं पांढरंशुभ्र निघालं आणि राजवाड्यामागे राहणाऱ्या भिवराबाईचं काळंकुट्ट.

"सगळ्या राज्याला धुरात घातलंस," प्रधान म्हणाला. "बांध गाठोडं."

भिवराबाईने भर दरबारात फतकल मारली.

"माझ्या चुलीवर कुणाचं शिजतं, ते विचारा ना प्रधानजी. महाराजांचं आंघोळीचं पाणी, राणीसाहेबांचं आटीव दूध, तुमच्या घोड्यांचे हरभरे. वाड्याला धूर खपत नाही म्हणून माझ्या घरी धाडलात. आणि आता मलाच हाकलता?"

मग तुझा स्वतःचा धूर काहीच नाही वाटतं, असं प्रधानाने हसून विचारलं.

हे मात्र तिला लागलं. वाड्याचं काम उरकल्यावरही स्वतःच्या दोन भाकरींसाठी तिची चूल दिवसभर धुमसायची, पुन्हा पेटवायचा कंटाळा म्हणून.

"आहे की." तिने फडक्याचा एक कोपरा फाडून पदराला बांधला. "एवढा माझा. तो मी कमी करीन. उरलेला ज्याचा त्याने न्यावा."

काळं फडकं राजाच्या पायांशी टाकून ती घरी गेली आणि तिने चुलीत कळशी उपडी केली.

सकाळी राजा पंचा गुंडाळून न्हाणीघरात उभा, आणि घंगाळात पाणी गारढोण. शिपाई धावत आले, तर भिवराबाई अंगणात, शेजारी तिचं पाण्याचं मडकं उन्हात तापत ठेवलेलं.

"महाराजांना सांगा," ती म्हणाली, "ऊन वाड्यातही पडतं."

राजा संतापला. पाणी तापवायला दुसरं माणूस शोधू लागला. पण ती चूल ज्याच्या दारी जाईल त्याचं फडकं काळं होणार, मग तयार कोण होतो? शेवटी चूल वाड्यातच मांडावी लागली. पहिल्याच दिवशी राजाचे डोळे चुरचुरले. आठवड्यात दहा घंगाळांचं एक झालं, आणि हाकलण्याचा हुकूम गुपचूप मागे घेतला गेला.

तात्पर्य, आपल्यासाठी निघालेला धूर आपलाच, चूल कुणाच्याही घरी पेटो. तो ओळखावा आणि आपणच कमी करावा.

आता खरं सांगून टाकतो. राजा सुधारला, एवढं मी पदरचं घातलं. भिवराबाई हलली नाही, ते मात्र खरं.