तळ्याचा फेरा

रस्ते मातीचे होते आणि माणसं बैलगाडीनं जात-येत होती, त्या काळची ही गोष्ट. एका गावात एक कुंभार राहत होता. मडकी जत्रेला न्यायला त्याला गाडी हवी होती.

गावातला गाडीवान नुकताच वारला होता. त्याची बायको गाडी विकणार आहे, असं कुंभाराला कळलं.

त्या गावची एक रीत होती. जुनी गाडी घेणाऱ्यानं ती भरून तळ्याला एक फेरा मारायचा, मग मालकाला विचारायचं, "हिचं काय दुखतं?" मालकानं खरं ते सांगायचं. खोटं निघालं तर गाडी परत. विचारलंच नाही, तर मात्र मालकाला दोष नाही.

कुंभार दारात गेला. गाडीवर अजून गाडीवानाचं घोंगडं होतं आणि त्याची बायको त्यावरून हात फिरवत उभी होती. कुंभाराचं काळीज हललं. आता हिला का गाडीच्या खोडी विचारायच्या? त्यानं मान खाली घातली आणि फेरा न मारताच गाडी नेली.

जत्रेच्या वाटेवर, ओढ्याच्या उतारावर, चाकांचा लाकडी आख कडकन मोडला. अख्ख्या हंगामाच्या मडक्यांचा चुरा झाला.

कुंभार म्हाताऱ्या पाटलांकडे गेला. त्यांनी त्या बाईलाही बोलावलं.

"हिनं तुला काही खोटं सांगितलं?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"कसं विचारू, पाटील? तिचं दुःख ताजं होतं."

"मग गाडी परत करता येणार नाही. विचारायचा हक्क तुझा होता बाबा, तूच तो सोडून आलास."

बाई हळूच म्हणाली, "भावजी, तुम्ही फेरा मारला नाहीत, तेव्हा वाटलं, तुम्हाला सारं ठाऊकच असेल. तो आख चिरलेला होता. यांनी बाभळीचा नवा तासून माळ्यावर ठेवलाय. विचारलं असतंत, तर तेव्हाच काढून दिला असता."

मग ती पुढे म्हणाली,

"तेवढंच यांच्याविषयी बोलणं झालं असतं. दारात येणारा जो तो यांचं नाव टाळतो."

कुंभार तिच्यासोबत घरी गेला. माळ्यावरचा आख त्यानं खाली उतरवला. लाकूड हाताला गुळगुळीत लागलं.

"फार निगुतीनं तासलाय. कधी बसायचे हे करायला?" त्यानं विचारलं.

ती ओसरीवर टेकली आणि सांगू लागली.

त्या वर्षीची जत्रा कुंभाराच्या हातून गेली ती गेलीच. गाडी मात्र पुढे त्याला जन्मभर पुरली.

तात्पर्य : घेण्याआधी विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे; त्यात घेणाऱ्याचं हित असतं आणि देणाऱ्याचा मानही राहतो.