पाचवे देणे

पूर्वी शूर्पारक बंदरात जयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका सावकाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सुजात. घराणे काही फार मोठे नव्हते. राजाला आणि तांड्यांना कर्ज देणारे सावकार वेगळे. त्यांच्या दारात हत्ती झुलत. सुजातचा बाप कर्ज देई ते शंखकारांना, आणि तेही पुढच्या पौर्णिमेपुरते.

त्याचे कारण असे. दक्षिण समुद्रातून नावांनी शंख येत. नगराबाहेरच्या शंखशाळेत कारागीर ते अर्धचंद्राच्या आकाराच्या करवतीने कापून बायकांसाठी बांगड्या करीत. मजुरी मात्र पौर्णिमेलाच मिळे. व्यापाऱ्यांच्या पूर्वजांनी केव्हातरी तसे ठरवले होते, आणि पूर्वजांना जाब विचारायला कोण जाणार? पण पोट काही चंद्राकडे पाहून भुकेजत नाही. अमावास्या आली की घराघरांतले धान्य सरे, आणि शाळेच्या दाराशी पिंपळाखाली चार सावकार बसलेलेच असत. आज चार कार्षापण घ्या, पौर्णिमेला पाच द्या. याला सव्वाई म्हणत. पाच जमत नसतील तर वरचा एक द्या, चार तसेच पुढे राहू द्या. ऐकायला हे फार सोपे वाटे. त्या सोपेपणावरच चौघांची घरे चालत.

कर्ज देताना सावकार त्या माणसाच्या मनगटाच्या वर आपल्या रंगाचा दोरा बांधी. कर्ज फिटले की आपल्याच सुरीने तो कापी. एक दोरा असला तर कोणी काही म्हणत नसे. तसा तो बहुतेकांना असेच. पण कारागिरांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, एक नियम होता. ज्याच्या हाताला दोन दोरे दिसतील, त्याला मोठे शंख द्यायचे नाहीत. कर्जबाजारी माणूस, न जाणो शंख घेऊन पळायचा. त्याने मग अंगठ्यांचे बारके शंख कापावेत आणि निम्मी मजुरी घ्यावी. त्यामुळे दुसरा दोरा जो तो लपवी. शंखाचा भुगा कातडीला चावतो म्हणून कारागीर हाताला फडके गुंडाळत. त्या फडक्याखाली काय आहे हे कोणी कोणाला विचारत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून सगळे करवत ओढत राहत.

बाप वारला आणि पिंपळाखालची जागा सुजातकडे आली. मरण्यापूर्वी बापाने त्याला धंद्याचे मर्म सांगितले होते. ‘‘मुद्दल फेडतो ते गिऱ्हाईक गेलं असं समज. दर पौर्णिमेला नुसती सव्वाई देतो ना, तो आपला खरा अन्नदाता.’’ सुजातने ते ऐकून घेतले होते. बापापुढे तो कधी बोलत नसे.

एका पौर्णिमेला सकाळीच पिंगल नावाचा शंखकार त्याच्यापाशी आला आणि मुद्दल, सव्वाई सगळे चोख मोजून हात पुढे करून उभा राहिला. शाळेत पिंगलसारखा हात कोणाचा नव्हता. त्याने कापलेल्या बांगडीला नंतर घासावे लागत नसे म्हणतात. सुजातने सुरी उचलली आणि तो थांबला. मजुरी वाटली जायची ती दुपारी. सकाळी कर्ज फेडणारा माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी पैशाने फेडतो आहे, एवढे सावकाराच्या पोराला कळणारच. त्याने पैसे घेतले नाहीत. ‘‘पिंगलदादा, संध्याकाळी तुमच्या घरी येतो,’’ एवढेच तो म्हणाला. पिंगलचा चेहरा पांढरा पडला.

संध्याकाळी तो गेला तेव्हा पिंगलची बायको सामा पेज वाढत होती. त्यांची एकुलती मुलगी रेवती अंगणात ओल्या वाळूने बांगड्या घासत बसली होती. सुजात जमिनीवर टेकला आणि म्हणाला, ‘‘दादा, फडकं सोडा. मी वसुलीला आलो नाही.’’

पिंगलने हात मांडीवर घेतला. मग त्याने फडके सोडले. एकाखाली एक असे चार दोरे होते. तांबडा, काळा, हळदीचा पिवळा आणि सुजातचा स्वतःचा निळा. खालची कातडी सुजून दोऱ्यांवर आली होती. करवत मोडली तेव्हा पहिला बांधला गेला, पहिल्याची सव्वाई द्यायला दुसरा, दुसऱ्यापायी तिसरा. आगीतून फुफाट्यात पडावे तसा तो प्रत्येक पौर्णिमेला एकाकडून उठून दुसऱ्याकडे जात होता.

सामाच्या हातातली पळी तशीच राहिली. ‘‘एवढं हातावर बांधून तुम्ही रोज माझ्यासमोर जेवत होता?’’ ती म्हणाली. ‘‘आणि मी विचारत होते, आणखी वाढू का.’’ मग ती रडली. थोड्या वेळाने उठून तिने कोमट तेल आणले आणि त्याच्या हाताला लावू लागली.

अशा माणसाला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे ते सांगतात. अंथरूणच कोणी दर पौर्णिमेला चार बोटे ओढून नेत असेल तर काय करावे, हे मात्र सांगत नाहीत. सुजातने उपदेश केला नाही. त्याने निळा दोरा कापून टाकला, देणे सोडून दिले आणि म्हणाला, ‘‘आता नवा दोरा एकही बांधायचा नाही. राहिलेलं एकेकट्याला चुकवत बसलात तर जन्म जाईल. तिघांना एकत्र बोलवू, श्रेणीसमोर, वहिनींसमोर. लपवण्यानंच हे एवढं वाढलंय.’’

दुसऱ्या दिवशी सभा भरली. तिघे सावकार एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाला वाटत होते की हा एकट्या आपलाच. सुजात म्हणाला की मुद्दलापेक्षा जास्त तुम्ही सव्वाईतच घेऊन बसला आहात. आता सव्वाई थांबवा, मुद्दल हप्त्याहप्त्याने घ्या, मी जामीन राहतो.

‘‘बापानं कमावलं, पोरगा धर्मशाळा काढणार,’’ एक जण म्हणाला.

‘‘काढीन,’’ सुजात म्हणाला. ‘‘पण पिंगलदादा खचले तर तुम्हाला मुद्दलही मिळायचं नाही, त्याचा विचार करा.’’

हे त्यांना पटले. मग तो श्रेणीच्या प्रमुखाकडे, ज्येष्ठकाकडे, वळला. ‘‘दोन दोऱ्यांचा माणूस पळेल म्हणून तुम्ही त्याचे मोठे शंख काढून घेता. मजुरी निम्मी होते म्हणून तो तिसरा दोरा बांधतो. पळायला त्याला तुम्हीच लावता.’’ ज्येष्ठक म्हातारा होता पण हट्टी नव्हता. पिंगलचे मोठे शंख ठेवायचे असे ठरले.

शेवटी सुजातने सर्वांसमक्ष विचारले, ‘‘दादा, आणखी कोणाचं काही? असेल तर आत्ताच सांगा, यातच घालू.’’

पिंगलने सामाकडे पाहिले. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. तो म्हणाला, ‘‘नाही. एवढंच.’’

ते एवढेच नव्हते. धक्क्यावर काळक नावाचा एक नौकास्वामी होता. तो दोरे बांधत नसे. मागच्या एका पौर्णिमेला चौघांची सव्वाई एकदम अंगावर आली, तेव्हा पिंगल त्याच्याकडे गेला होता. काळकाने पैसे दिले आणि तारण मागितले ते मुलीचे. समुद्रापलीकडच्या बावेरू देशाकडे जाणारा वारा सुटेपर्यंत पैसे आले तर ठीक. नाहीतर मुलगी त्याच्या नावेतून जाईल आणि तिकडे कोणाच्या तरी घरी दासी होईल. दोन नावाडी साक्षीला ठेवून पिंगलने डोलकाठीवर हात ठेवला आणि होकार दिला. वारा सुटायला अजून अवकाश आहे, तोवर आपण फेडू, असे त्याला वाटले होते. आणि आता तर चार दोरे सुटत होते. हे पाचवे गुपचूप निस्तरू, घरात कळायलाच नको, असे त्याने ठरवले. अडकलेल्या माणसाला प्रत्येक वेळी असेच वाटते. त्याला हसू नये.

तो खरोखर राबला. पौर्णिमा आली की आधी तिघांचे हप्ते देई आणि उरेल ते कुडाच्या फटीत काळकासाठी साठवी. सामा हसू लागली. शेजारणी म्हणू लागल्या की सामाला दृष्ट लागेल. आणखी एक पौर्णिमा मिळाली असती तर पैसे पुरले असते. पण त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला आणि वाराही लवकर सुटला.

पिंगल पहाटेच शाळेत गेला होता. काळक साक्षीदारांना घेऊन घरी आला. सामा म्हणाली, तुमचं काहीतरी चुकतंय, आमची सगळी देणी श्रेणीसमोर झाली आहेत. तिला नवऱ्याच्या शब्दाची खात्री होती. साक्षीदारांनी साक्ष सांगितली. राजाचा कायदा काळकाच्या बाजूने होता. रेवतीच्या हाताला वाळू लागलेली होती, तशीच ती त्यांनी नेली. ती ओरडली नाही. बाबा संध्याकाळी घ्यायला येतील ना, असे तिने आईला विचारले.

सामा धावत आली ती सुजातकडे. तो हातातले टाकून धक्क्याकडे पळाला. काळकाचे देणे किती होते ते वाटेत त्याला कळले. तेवढे पैसे त्या क्षणी त्याच्या कमरेच्या पिशवीत होते. तो पोचला तेव्हा नावेची शिडे दिसत होती, पण हाक पोचेल इतकी ती जवळ नव्हती. त्याने होडी घालायला सांगितले. नावाडी म्हणाले, हा वारा लागल्यावर होडीनं गाठता येत नाही, मालक. तरी त्याने घातली. दुपारी तो रिकामा परतला.

पिंगल धक्क्यावर बसला होता. सुजात त्याच्याजवळ बसला. रागवायला तो आलाच नव्हता. पण न राहवून त्याने विचारले, ‘‘दादा, मी विचारलं होतं हो. का नाही सांगितलंत?’’

‘‘तिच्यासमोर कसं सांगू?’’ पिंगल म्हणाला. ‘‘चार दोरे तिनं पोटात घातले. पाचव्याला तिच्या पोटचा गोळा बांधला होता. तुम्ही मला एकट्याला विचारलं असतंत तर…’’

लपवल्याने देणे वाढते, हे सुजातचे म्हणणे खरेच होते. पण चार माणसांत उभे करून विचारले की माणूस चार माणसांत सांगण्याजोगे तेवढेच सांगतो, हे त्याला त्या दिवशी कळले. कळून उपयोग नव्हता.

त्याने पुढच्या प्रत्येक नावेबरोबर पैसे आणि निरोप पाठवले. पैसे परत येत. त्या नावाची मुलगी कुठे सापडली नाही. काळकही पुन्हा शूर्पारकात आला नाही. पिंगलची देणी फिटली, तिघांनी आपापले दोरे कापले, आणि नंतर तो उघड्या हातांनीच करवत ओढी. भुगा चावे, तरी फडके बांधीत नसे. सामा वाळूने बांगड्या घाशी. नवऱ्याला ती कधी टाकून बोलली नाही, आणि फारसे काही बोललीही नाही.

सुजातने पिंपळाखालची जागा सोडली. बापाचे सारे धन श्रेणीच्या पेटीत ठेवले; कारागिराने त्यातून गरजेपुरते घ्यावे आणि घेतले तेवढेच परत करावे. व्यापाऱ्यांच्या पायऱ्या झिजवून त्याने मजुरी आठवड्याला मिळेल असे केले. आणि जो कोणी मागायला येई, त्याला तो एकट्याला बाजूला नेई, पाणी देई आणि विचारी, ‘‘आणखी कोणाचं?’’ उत्तर आले तरी पुन्हा विचारी. काही लोक तिसऱ्या वेळी सांगत, काही दुसऱ्या दिवशी येऊन सांगत. तो थांबे. काहीही ऐकले तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नसे. सावकाराच्या पोटी संन्यासी जन्मला, असे नगर म्हणे. असे आयुष्य घालवून तो कर्मानुसार परलोकी गेला.

ही कथा कित्येक जन्मांनंतर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या जेतवनात एका फूलविक्या उपासकाला सांगितली. अनेक सावकारांच्या देण्यांनी तो पिचला होता. बायकोबरोबर येऊन त्याने आपली तीन देणी शास्त्यांपुढे मांडली होती. मुलगी बायकोच्या खांद्यावर झोपली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, ‘‘पिंपळाखालचे तिघे आज श्रावस्तीतच आहेत, त्यांची नावं घेऊन काय करायचं? श्रेणीचा ज्येष्ठक म्हणजे आताचा आनंद. सुजात तो मीच. पिंगल होतास तू, सामा ही तुझी पत्नी, आणि रेवती ही झोपली आहे ती. दुसऱ्याचं लाजिरवाणं सत्य न रागावता, न घाई करता ऐकून घेणं, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी ती मला उशिरा आली.’’

मग शास्ते थांबले. उपासकाने झोपलेल्या मुलीकडे पाहिले.

‘‘अजून एक आहे,’’ तो म्हणाला.

बायकोने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि ती त्याच्याजवळ सरकून म्हणाली, ‘‘सांगा.’’