हैबतीची तीन पानं

एका गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव हैबती. नावात हैबत होती, पण गावातलं शेरडूसुद्धा त्याला घाबरत नसे. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा. एकदा बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा." हैबतीनं लक्ष ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चुलीत सांडलं. सगळं त्यानं अगदी नीट पाहिलं.

त्याला नाद एकच. पत्त्यांचा. वडजाईच्या देवळापुढच्या पारावर रोज दुपारी तीन पत्तीचा डाव बसायचा. प्रत्येकाला तीन पानं, ज्याची मोठी त्याचा डाव. पण पानं झाकलेली असतात, त्यामुळे खरा खेळ असतो तोंडावर. आणि हैबतीचं तोंड म्हणजे सताड उघडं दार. एक्का आला की हा शीळ घालायचा. दुर्री-तिर्री आली की नाक ओढायला लागायचा. शीळ वाजली की बाकीचे पानं टाकून मोकळे. नाक वाजलं की सगळे बोली चढवतच जायचे.

आधी छत्री गेली. मग घोंगडी गेली. मग एका दुपारी बायकोच्या, म्हणजे सारजेच्या, माहेरचा तांब्याचा हंडा गेला. तो जिंकला उमाजीनं. उमाजी म्हणजे पारावरचा सगळ्यात पक्का गडी.

सारजा दारातच उभी राहिली. म्हणाली, "हंडा परत आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नका!"

हैबतीनं तोंडाला फडकं गुंडाळलं आणि निघाला. दोनदा बाभळीवर आदळला, एकदा ओढ्यात पडला, आणि शेजारच्या गावी नाथामामाच्या अंगणात येऊन उभा राहिला. नाथामामा त्याचा सख्खा मामा. तरुणपणी पंचक्रोशीत त्याच्यासमोर पत्ते घेऊन बसायची कुणाची छाती नव्हती. आता तो पत्ते सोडून कोंबड्या पाळत होता.

"कोण रं तू?" मामा म्हणाला.

"तोंड दाखवायचं न्हाई असं सारजेनं सांगितलंय," फडक्यातून आवाज आला.

"हैबत्या! दुसरा कोण असणार! रागात म्हणाली असंल ती, तोंड दाखव खुशाल!" मामानं फडकं ओढलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाला, "पोरा, तू पानांनी हरत न्हाईस, तोंडानं हरतोस. चेहरा दगडासारखा ठेव. काही होवो, हलू नको, बोलू नको."

"काही होवो?"

"काही होवो."

हैबती घरी आला आणि ओट्यावर सराव करत बसला. तेवढ्यात घरामागच्या परड्यात आरडाओरडा झाला. सारजा धावत आली. "अहो, गंजीला आग लागली! उठा! सारा कडबा जातोय!"

हैबती हलला नाही.

"अहो, ऐकताय ना?"

हैबती बोलला नाही. चेहरा असा की वर शेंदूर फासला असता तर लोकांनी नारळ फोडला असता. शेजारी धावले, घागरी ओतल्या, पण गंजीची राख झाली ती झालीच. सारजा राखेजवळ बसून रडली. हैबतीलाही रडू येत होतं. ते त्यानं गिळलं आणि सरळ मामाचं गाव गाठलं.

"मामा, जमलं. अजिबात हललो न्हाई."

मामानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, पेटलं की बसून राहायचं नसतं! धावायचं, घागर भरायची, ओतायची! एवढं कळत न्हाई?"

"आता कळलं," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पारावर गेला. पानं वाटली गेली. त्या दिवशी उमाजी भलताच खुशीत होता. एकानं चढवलं, दुसऱ्यानं चढवलं, उमाजीनं सगळ्यांवर चढवलं आणि मांडी थोपटून ओरडला, "आता पेटला बघा डाव!"

हैबती ताडकन उठला. विहिरीवर धावला, घागर भरली, धावत आला आणि ओतली. निम्मी पत्त्यांवर, निम्मी उमाजीवर. राजे राण्यांना चिकटले, गुलाम पारावरून खाली वाहून गेले. उमाजीच्या मिशीतून पाणी गळत होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"विझवलं," हैबती म्हणाला. "वेळेवर आलो म्हणून बरं."

लोकांनी त्याला पारावरून हुसकलं. तो मामाकडे गेला.

मामानं हातातले दाणे कोंबड्यांपुढे टाकले. मग म्हणाला, "डाव पेटला म्हणजे रंगात आला रं. तेव्हा डोकं थंड ठेवायचं. तापल्या डोक्यानं माणूस भलतंच करून बसतो. आणि दुसरं ऐक. पान हलकं असलं तर लोभ धरू नको. टाकून दे आणि गुपचूप ऊठ. कुणी काही म्हणो, तोंड उघडायचं न्हाई. पान टाकायला लाजतो तो बुडतो."

"डोकं थंड. पान हलकं असलं की टाकून उठायचं," हैबतीनं घोकलं.

त्याच आठवड्यात सारजेच्या भावाचा साखरपुडा होता. नवराबायको तिच्या माहेरी गेली. हैबतीनं डोक्यावर ओलं फडकं ठेवलं होतं. पाणी गळ्यात उतरत होतं. सासऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. जावयाला काय बोलायचं?

पंगत बसली. पानं मांडली. जावयाला मानाची जागा, पानाभोवती रांगोळी. मीठ आलं, लिंबू आलं, चमचाभर कारल्याची भाजी आली. पोळ्या अजून आत लाटत होत्या. हैबतीनं पान दोन्ही हातांनी उचलून बघितलं. अगदी हलकं होतं. शेजाऱ्याच्या पानावर भजी पडली होती, ह्याच्या पानावर नव्हती. नाकाशी पुरणाचा वास येत होता. पोटात कावळे ओरडत होते. पण लोभ धरायचा नाही म्हणजे नाही. त्यानं गुपचूप उठून पान उकिरड्यावर टाकलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

पंगत गार पडली. जावई भरल्या पंगतीतून उठला! सासरे धावत आले. "जावईबापू, काय चुकलं आमचं?"

हैबती गप्प.

"आहेराचा फेटा हलका वाटला का? दुसरा आणतो. भरजरी."

हैबती गप्प.

सासूबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. नवरीकडचे लोक माना वळवून बघत होते. ठरलेलं लग्न मोडतं की काय! सासऱ्यांनी हात जोडले. "असं करू नका. गोठ्यातली दुभती म्हैस तुमची. आता तरी पानावर चला."

हैबती बोलला नाही. पण पोटातले कावळे बोलले, ते सगळ्या अंगणाला ऐकू गेले. तो होकार समजून सासऱ्यांनी त्याला हाताला धरून नव्या पानावर बसवलं. हैबतीनं नऊ पोळ्या खाल्ल्या.

वाटेत सारजा चार पावलं पुढंच चालत होती. मागून म्हैस येत होती. घर आल्यावर म्हणाली, "माझ्या बापाची अब्रू टांगलीत तुम्ही. त्यांची पोरंबाळं आता कशाचं दूध पिणार? परवा बाजार आहे. बाजाराच्या वाटेनं म्हैस परत पोचवायची. समजलं?"

हैबतीला समजलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण म्हैस परत करून सारजेचा राग निम्माच जाणार होता. हंडा अजून उमाजीच्या ओसरीवर होता. म्हणून बाजाराच्या दिवशी तो म्हैस घेऊन आधी मामाकडे गेला.

मामानं पानाची कथा ऐकली आणि तो हसावं की रडावं ह्या विचारात पडला. "अरे, पत्त्याचं पान, जेवायचं न्हवं! आता मीच येतो तुझ्यासंगं. तुला एकट्याला सोडण्यात अर्थ न्हाई. वाटेत एकच गोष्ट सांगतो, तेवढी लक्षात ठेव. पानं छातीशी धरायची. जीव गेला तरी कुणाला दाखवायची न्हाईत. कुणी गोड बोलेल, कुणी दटावेल, अगदी आपलं माणूससुद्धा विचारेल. भुलायचं न्हाई."

पारावर उमाजीला म्हशीची बातमी आधीच लागली होती. त्यानं हैबतीला हसतहसत जागा करून दिली. म्हैस पाराशी बांधून मामा हैबतीच्या पाठीशी उभा राहिला. पानं वाटली गेली.

हैबतीनं छातीशी धरून पानं हळूच उघडली. एक्का. दुसरा एक्का. तिसराही एक्का.

मामानं मागून पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तीन एक्क्यांच्या वर ह्या खेळात काहीच नसतं. उभ्या आयुष्यात त्याच्या हाताला ते कधी आले नव्हते. त्यानं भाच्याच्या तोंडाकडे बघितलं. शीळ नाही. नाक नाही. चेहरा दगडासारखा. मामाचे डोळे भरून आले.

बाकीच्यांनी पानं टाकली. उरले उमाजी आणि हैबती.

"हंडा लावतो," उमाजी म्हणाला. "घोंगडी लावतो, छत्री लावतो, वर माझी नवी बैलगाडी लावतो. तू म्हैस लाव."

हैबती घुटमळला. म्हैस सासऱ्यांची. त्यानं मामाकडे पाहिलं.

"लाव!" मामा म्हणाला. "डोळे मिटून लाव!"

हैबतीनं डोळे मिटले आणि म्हैस लावली.

उमाजीनं त्याला बराच वेळ निरखलं. त्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. उमाजीनं आपली पानं पुन्हा चाळली. शेवटी त्याच्यानं राहवेना. "बास. दाखव पानं."

हैबतीनं पानं आणखी घट्ट धरली.

"दाखव की," उमाजी म्हणाला.

"न्हाई."

"अरे, डाव संपला. आता दाखवायची असतात," लोक म्हणाले.

गोड बोलणारे हेच, हैबतीला वाटलं.

"न दाखवलेली पानं म्हणजे हरलेली पानं!" उमाजी गरजला.

दटावणारा हा.

मग मामानं त्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "हैबत्या, दाखव! मी सांगतो, दाखव!"

आणि हे आपलं माणूस, हैबतीला वाटलं. मामा परीक्षा बघतोय. पानं हिसकावायला मामानं हात घातला, तशी हैबतीनं ती तोंडात कोंबली. चावली. गिळता येईनात, तर विहिरीवर जाऊन पाण्याबरोबर गिळली.

उमाजीनं आपली पानं उताणी टाकली. दुर्री, पंजी, सत्ती. तो उठला, त्यानं म्हशीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन चालायला लागला.

मामा पारावर डोकं धरून बसला होता. हैबती ओलं तोंड पुसत त्याच्याजवळ आला. इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकत नाही अशी खात्री केली. मग मामाच्या कानाला लागून आनंदानं म्हणाला,

"मामा, तीन एक्के होते. पण कुण्णाला पत्ता लागू दिला न्हाई!"