सरदारांच्या आईची तपासणी

रंभाजीराव सरदारांना एकदा हुक्की आली, की आपल्या जहागिरीतली म्हातारी माणसं किती सुखात आहेत, ते पाहुण्यांना मोजूनच दाखवायचं. भर दरबारात वैद्यबुवा एकेकाची नाडी, दात, डोळे, कान तपासू लागले. शेवटी सरदारांनी मोठ्या दिमाखात स्वतःच्या आईलाच पुढे बसवलं.

आई म्हणाली, “रंभाजी, मी उद्या काशीला निघते. परत यायची नाही.”

“हो हो, आईसाहेब,” म्हणत सरदार पाहुण्यांकडे बघून हसले.

“वैद्यबुवा, माझे कान ठणठणीत आहेत,” आई म्हणाली. “याचे तेवढे तपासा.”

सरदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई नेमकं काय बोलली होती, हे त्यांना खालच्या मानेनं वैद्यबुवांनाच विचारावं लागलं.